फिरत्या पुलावरचा भाऊ

रुंद नदीच्या मधोमध, दगडी खांबावर रेल्वेचा जुना फिरता पूल होता. बोट आली की मधला भाग फिरवून वाट द्यायची, गाडी यायची झाली की पुन्हा रुळाला रूळ जुळवायचा. हे काम करणाऱ्याला सगळे पूलदादा म्हणत. बसायला पत्र्याची केबिन, आत एक मोटार, एक दांडा आणि ग्रीसचा वास. पगार बेताचाच; पण नदीवर त्याच्या मर्जीशिवाय पान हलत नसे, आणि ते त्याला मनापासून आवडायचं.

धाकटी बहीण त्यानंच पलीकडच्या काठी दिली होती, वाळूची बोट चालवणाऱ्याला. माणूस कमावता आहे असं चार जण म्हणाले. बाप गेलेला, जबाबदारी उरकायची घाई. त्यानं खोलात चौकशी केली नाही. वर्षभरात बहीण पॅसेंजरनं माहेरी आली ती बाह्या मनगटापर्यंत ओढून. पूलदादाच्या बायकोनं एक बाही वर सारून बघितली आणि तेलाची वाटी आणायला उठली.

पूलदादाचं रक्त उसळलं. पण मेहुणा अंगानं त्याच्या दुप्पट. मग त्यानं हाताशी होतं तेच हत्यार काढलं. मेहुण्याचा भोंगा वाजला की तो निवांत चहा ओतून घ्यायचा.

"अहो, उघडा की पूल! गिऱ्हाईक खोळंबलंय!"

"गाडी येतेय, दाजी."

गाडी कसली यायला! मेहुणा खाली शिव्या घालत बोट गोल गोल फिरवायचा आणि पूलदादाला वाटायचं, नाक दाबलं की तोंड उघडतं. घरी जेवताना तो हे रंगवून सांगायचा. नवरा-बायको पोट धरून हसायची.

काही महिन्यांनी बहीण पुन्हा आली. वहिनी कांदा चिरत होती, भाऊ दारात बूट काढत होता.

"दादा, त्यांना अडवत जाऊ नकोस."

"का? कळू दे त्याला, तुला भाऊ आहे ते."

"तू तिथं थांबवतोस, ते घरी माझ्याकडून वसूल होतं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला."

"मग परत जाऊच नकोस. राहा इथं."

वहिनीची सुरी थांबली. घर दोन खोल्यांचं, पोरं तीन. बहीण वाट बघत राहिली, भाऊ पुन्हा एकदा म्हणेल म्हणून. तो बुटाची नाडी सोडवत बसला.

"गाडी चुकेल माझी," ती म्हणाली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजायच्या आधीच पूल उघडला होता. "आलात ना वठणीवर!" मेहुणा खालून हसत ओरडला.

पुढं माल ट्रकनं जायला लागला आणि रेल्वेनं ती लाईनच बंद केली. पूल कायमचा उघडा ठेवा, बोटींना अडथळा नको, असा हुकूम आला.

"साहेब, बंदच ठेवू या की, माणसं चालत तरी येतील," पूलदादा म्हणाला.

"कुणासाठी? गाडी आहे का?"

बहिणीची माहेरची वाट त्यानं स्वतःच्या हातानं दांडा ओढून तोडली. पहिली बोट गेली ती वाळूची. तिला आता भोंगा वाजवायची गरज नव्हती.

त्याची बदली गोदामात झाली. बहिणीकडं जायचं तर दोन बस आणि अर्धा दिवस. तो दोनदा गेला. दुसऱ्या खेपेला तिनं त्याला उंबऱ्यातच पाणी दिलं.

"आता येऊ नकोस, दादा. तू येऊन गेलास की चार दिवस घर पेटतं."

तो गेला नाही. एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली, "त्या दिवशी मी 'राहा' म्हटलं असतं, तर राहिली असती हो ती."

"हो," तो म्हणाला, "तुझ्यामुळंच गेली."

तसं नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायकोनं घडी अर्धी टाकली आणि ती आत निघून गेली.