मान धरणारे हात

देवावर माझा राग नव्हता, पण त्याची गरजही वाटत नव्हती. पाच वर्षं मी भारताच्या महिला रग्बी संघातून खेळत होते. परदेशात माझ्याहून दीडपट वजनाच्या मुलींना आडवं पाडलं होतं. प्रत्येक दौऱ्याआधी लालबागच्या आमच्या खोलीत आई गावच्या देवीला गाऱ्हाणं घालायची आणि मी मनात म्हणायची, टॅकल करायची मी, नारळ मात्र देवीला.

गेल्या वर्षी दौऱ्याला नऊ दिवस उरले असताना परळच्या मैदानावर सरावात टॅकल करताना मी चुकीच्या बाजूने डोकं घातलं. समोरच्या मुलीचा गुडघा आदळला, मानेत काडकन आवाज झाला आणि मी उताणी पडले. हात हलवायला गेले, तर हात कुठे आहेत तेच कळेना. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं. खांद्यांखाली मी उरलेच नव्हते जणू. प्रशिक्षक अजून यायचे होते. अशा वेळी हलवायचं नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण माझा श्वास अडकलेला बघून कोणालाच काही सुचेना. टॅक्सीत घालायला म्हणून दोघींनी माझ्या बगलेत हात घातले.

"हात लावू नका तिला! मान हलली तर पोरगी जाईल!"

पन्नाशीची एक अनोळखी बाई धावत आली, माझ्या डोक्याशी गुडघे टेकून बसली आणि दोन्ही तळव्यांत तिने माझं डोकं घट्ट धरलं. तिच्या हातांना भाजलेल्या मिरचीचा वास होता.

"मावशी, मला हात नाहीयेत," मी म्हणाले.

"आहेत गं. मला दिसतायत ना. तू काही करू नकोस, फक्त माझ्याकडे बघ."

काही करायचं नाही, हे मला कधी कोणी शिकवलंच नव्हतं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत अर्धा तास ती भर उन्हात हलली नाही. तिचा घाम माझ्या कपाळावर पडत होता. मी इतकी घाबरले होते, की देवीकडे काही मागायचंही सुचलं नाही. एवढंच म्हटलं, देवीआई, मी तुझ्या पदरात आहे.

मणका मोडला होता, पण सरकला नव्हता. "तुम्हाला तसंच उचललं असतं तर..." डॉक्टर म्हणाले. पुढचे दोन दिवस नर्स बोटांना टाचणी लावून विचारायची, "कळतंय?" आणि मला खोटं बोलावंसं वाटायचं. "रडू नको गो, देवीक माहीत आसा," आई म्हणायची, पण पदराने स्वतःचेच डोळे पुसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी डाव्या अंगठ्याला मुंग्या आल्या. मी इतक्या मोठ्याने रडले, की अख्खा वॉर्ड जागा झाला.

मिरचीच्या त्या वासावरून आईने लालबागचे मसाला कुटायचे डंक पालथे घातले. महिन्याभराने एका डंकावर मावशी सापडल्या. तोवर मी चालू लागले होते; आई मला तिथे घेऊन गेली. गळ्यातल्या पट्ट्यामुळे मला पाया पडायला वाकता येईना. त्यांनीच माझे हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले.

"त्या रस्त्याने मी कधी जात नाही," त्या म्हणाल्या. "एकीकडे मसाला पोचवायचा होता. चपलेचा अंगठा तुटला म्हणून मैदानाच्या कठड्यावर टेकले." मग म्हणाल्या, "माझे मालक शिवडीला गोदामात वरून पडले होते. लोकांनी चांगल्या मनानेच उचलून टेम्पोत घातलं. वाटेतच गेले. मान धरायला हवी होती, असं डॉक्टर नंतर बोलले. वीस वर्षं देवाला विचारतेय, आता हे मला कळून काय उपयोग?"

डंकाच्या धडधडीत आम्ही तिघीही रडलो.

त्या अपघाताला आता अकरा महिने झाले. हलका सराव सुरू आहे. संघात परत जागा मिळेल की नाही, ठाऊक नाही. कोणी अंगावर धावून आलं की अजून हात आधी मानेकडे जातो. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मी आहे, असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांचा माणूस गेला आणि मी उरले, यामागचं कारण मला उलगडत नाही, आणि आता मी ते शोधतही नाही. सकाळी जाग आली की आधी अंथरुणातच दहाही बोटं हलवून बघते. तेवढीच माझी पूजा.