जुन्या पुस्तकांच्या तराजूपाशी राहीबाई

राहनाळमध्ये कुणाच्या घरी लग्नाचं बोलणं निघालं की पत्रिका नंतर बघत, आधी राहीबाईंना हाक मारत. स्थळाची चौकशी हे त्यांचं काम. त्याचा मोबदला नव्हता, पण मान होता, आणि मजा तर इतकी होती की हातातलं भाकरीचं पीठ तसंच ठेवून त्या निघायच्या.

त्यांची पद्धत ठरलेली. ठेवणीतलं लुगडं नेसायचं, स्थळाच्या गावात जायचं आणि विचारायचं, "गाळा हाय का भाड्याला?" रस्त्याच्या दोन्ही अंगांची भातशेती जाऊन गोडाऊनं उभी राहिल्यापासून हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारू शकत होतं. गाळ्याचं विचारता विचारता पाणी मागायचं, पाणी पिता पिता घर बघायचं आणि घर बघता बघता शेजारणीला बोलतं करायचं. एका मुलाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, असं त्याच्या मामाने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. राहीबाई त्याच्या नाक्यावरच्या टपरीवर गेल्या आणि म्हणाल्या, "आमच्या जितूचं नेहमीचं दे रं, त्यानंच पाठवलंय." टपरीवाल्याने मान वर न करता गुटख्याच्या पुड्यांची माळच काढून दिली. ती माळ राहीबाईंनी तशीच नेऊन मामाच्या गळ्यात घातली. लग्न मोडलं, पण तो किस्सा पार वज्रेश्वरीपर्यंत पोचला.

आणि तिथंच घोटाळा झाला. राहीबाईंचा भावेश लग्नाचा झाला तेव्हा तालुक्यात एकही घर असं उरलं नव्हतं, ज्याला राहीबाई माहीत नव्हत्या. मुलगा चांगला, घर चांगलं, दोन गाळ्यांचं भाडं येतं. सगळं ऐकून मुलीकडचे खूश व्हायचे आणि मग हळूच विचारायचे, "म्हणजे त्या राहीबाईंचा का?" की संपलं. अशी तीन स्थळं गेली.

"साऱ्या तालुक्याची घरं उलटीपालटी करून बघितलीस," नवरा पंढरी म्हणायचा, "आता तुझ्या घरात पोरगी टाकायला कोन धजल?"

चौथं स्थळ आलं ते जवळच्याच पूर्ण्याच्या मनालीचं. फोटो बघून भावेश पहिल्यांदाच लाजला. त्याने आईला देवापुढे उभं करून वदवून घेतलं की या वेळी चौकशी करायची नाही. राहीबाईंनी कबूल केलं. पण मुलीकडचे नुसतेच "कळवतो, कळवतो" म्हणत राहिले. नाही म्हणेनात आणि बोलावणंही करेनात. राहीबाईंना अन्न गोड लागेना. एवढ्यात कानावर आलं की भिवंडीत मंडईजवळच्या हॉलमध्ये कुठल्याशा महिला मंडळाने जुन्या पुस्तकांची विक्री लावली आहे आणि ही मनाली कॉलेजला सुट्टी म्हणून तिथं दिवसभर उभी असते. घरी न जाता मुलगी बघायला मिळत असेल तर ती काय चौकशी म्हणायची? राहीबाईंनी मनाची समजूत घातली, घरी "देवीला जाऊन येते" म्हणाल्या आणि शेअर रिक्षात बसल्या.

हॉलमध्ये पुस्तकांचे ढीगच ढीग. मंडळाने कुणा सूतवाल्या शेठचा मोठा तराजू मागून आणला होता आणि पुस्तकं किलोवर विकायला काढली होती. तराजूमागे मनाली. फोटोपेक्षा सावळी, फोटोपेक्षा बरी. राहीबाईंनी हाताला लागलं ते जाडजूड पुस्तक उघडून तोंडासमोर धरलं आणि वरून डोळे सोडले.

पण झालं असं, की मनालीपर्यंत नजर पोचायच्या आधी वाटेत इतकी माणसं होती! सफारीतले एक गृहस्थ खांबाला टेकून अख्खं पुस्तक वाचत होते. कुणी जवळ आलं की पान चाळल्यासारखं करायचे, गेलं की पुन्हा तिथूनच पुढे. एक मुलगा आणि एक मुलगी मोठ्या नकाशाच्या पुस्तकाआड तोंडं घालून बसली होती आणि बराच वेळ त्यांचं आफ्रिकेचं पान काही उलटत नव्हतं. अंगभर सोनं घातलेल्या एक बाई आल्या. नवा बंगला झालेला त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं.

"लाल रंगाची हायत का? जाडी जाडी?" त्यांनी विचारलं. "शोकेसचा वरचा कप्पा रिकामा दिसतोय. पडदे लाल हायत ना आमचे."

"विषय कुठला हवाय काकी?"

"विषय कुठला बी चालल. कोन उघडतंय?"

राहीबाईंना हसू आवरेना. पुस्तक तोंडावर धरून त्या इतक्या गदगदा हलत होत्या की मनालीच त्यांच्याकडे आली.

"मावशी, काय हवंय तुम्हाला?"

एवढी वर्षं जिभेला एकच वळण. राहीबाई दचकल्या आणि तोंडातून गेलं, "गाळा हाय का भाड्याला?"

पुस्तकांच्या हॉलमध्ये गाळा! आपलं बोलणं राहीबाईंनी स्वतःच्याच कानांनी ऐकलं आणि पुस्तक पुन्हा तोंडावर ओढलं. पूर्ण्याची पोर ती. तिच्याही घरी गाळा विचारत येणाऱ्या बायका खरं म्हणजे कशाला येतात, हे तिला ठाऊक नसेल? मनालीने त्यांचं ठेवणीतलं लुगडं पाहिलं, उलट्या बाजूने उघडलेलं पुस्तक पाहिलं. ओठ गच्च मिटून घेतले आणि अगदी गंभीरपणे म्हणाली,

"गाळा न्हाय मावशी. खुर्ची हाय रिकामी. बसा, जरा वजन करायला मदत करा. एकटीनं आवरत न्हाय."

नाही म्हणावं तर पळ काढल्यासारखं दिसलं असतं. राहीबाई तराजूमागे बसल्या.

पहिली दहा-पंधरा गिऱ्हाइकं नीट गेली. मग चहा आला. बिनसाखरेचा. राहीबाई घोट घेऊन बोलणार, इतक्यात त्यांना दिसलं की मनाली पावती फाडता फाडता तिरक्या डोळ्याने इकडंच बघते आहे. थोड्या वेळाने एका ढिगातली पुस्तकं त्यांच्या पायावर घसरली, आणि ती आपणहून घसरली असं काही वाटेना. नंतर एक चिकट गिऱ्हाईक मुद्दाम त्यांच्याकडे पाठवलं गेलं.

राहीबाईंनी कप खाली ठेवला. साखर विसरायची आणि माणूस कुरकुरतं का बघायचं, ही तर त्यांचीच युक्ती! चौकशीच चालली होती की इथं, आणि बघायचा माल म्हणजे आपण! त्यांनी पदर सावरला, पाठ सरळ केली. मग आठवलं, आपण ज्यांच्याकडे जायचो ते लोकही असेच एकदम ताठ बसायचे. त्यांनी पाठ पुन्हा होती तशी ढिली सोडली आणि बिनसाखरेचा चहा फुर्रकन ओढून संपवला.

दुपारी लाईट गेली. लोडशेडिंग म्हणजे सगळ्या गल्लीतले यंत्रमाग एका क्षणात गप्प. बाहेरची खडखड बंद झाली आणि लूमवरचे कारागीर अंगावरचा कापूस झटकत हॉलमध्ये शिरले. त्यातला एक जण सारखा एकाच पुस्तकापाशी घुटमळत होता. प्राण्यांची रंगीत चित्रं असलेलं, चांगलं पाटीएवढं पुस्तक. उचलायचा, हातात तोलायचा, ठेवून द्यायचा.

"लेना है क्या भैया?" राहीबाईंनी हाक मारली.

"बिटिया के लिए देख रहे थे, चाची. गाँव में है, पाँचवीं में." तो ओशाळला. "भारी बहुत है."

"इधर लाव. भारी है के हलका, वो तराजू बोलेगा."

पुस्तक पारड्यात पडलं. राहीबाईंचा एक हात पदराखाली होता. पाटीएवढं पुस्तक पाव किलोच्या वजनाला हवेत तरंगलं. कारागिराने पुस्तकाकडे पाहिलं, तराजूकडे पाहिलं, चाचीकडे पाहिलं आणि पैसे मोजून ते छातीशी धरून निघाला. दारातून मात्र वळून हसला.

लगेच मागून शोकेसवाल्या बाई लाल पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आल्या. "नीट कर गो वजन, पुस्तकं पोकळ हायत आतून," त्या म्हणाल्या. या वेळी राहीबाईंचा अंगठा पारड्याच्या कडेवर अगदी सहज विसावला होता. गठ्ठा धाडकन खाली बसला.

"अगो बाय! एवढी जड?"

"विषय जड हायत काकी," राहीबाई म्हणाल्या.

गर्दी ओसरल्यावर मनाली स्टूल ओढून समोर बसली.

"मावशी, एक विचारू? त्या काकींच्या पारड्यावर तुमचा अंगठा होता ना?"

राहीबाईंनी अंगठा मुठीत लपवला. चौथं स्थळही गेलं, आणि या वेळी आपल्याच अंगठ्याने. भावेशला काय तोंड दाखवायचं? पण जन्मभर लोकांची खोटी पकडलेली बाई. स्वतः खोटं बोलायला तिला जमेना.

"होता."

"आणि त्या भैयाच्या पारड्याखाली बोट?"

"ते बी होतं."

"म्हणजे मंडळाचं नुकसान काही झालं नाही," मनाली म्हणाली आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू एकदाचं फुटलं. हसता हसताच तिने विचारलं, "राहनाळच्या राहीबाई ना तुम्ही? गाळा म्हणालात तेव्हाच ओळखलं. खरं सांगू? घरचे कधीच होकार देऊन बसलेत. मीच अडवून धरलंय. म्हटलं, जिला सगळा तालुका घाबरतो, तिच्या घरात राहायचं कसं?"

"मग?" राहीबाईंनी विचारलं.

"मग काय, सासू बघून झाली." मनालीने पावतीपुस्तक मिटलं. "मुलगा राहिलाय. तुम्ही सगळ्यांची चौकशी करता, माझं पण एक काम करा. तुमच्या गावात भावेश म्हणून आहे. कसा आहे हो? पण आईसारखं नाही सांगायचं. राहीबाईंसारखं सांगायचं."

मुलाची स्तुती जिभेवर आली होती, ती राहीबाईंनी गिळली. पोरगी डोळ्यांत डोळे घालून बघत होती आणि असं बघणाऱ्याला काय काय दिसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"आळशी हाय," त्या म्हणाल्या. "हाका मारून घसा बसतो, तवा उठतो. जेवला की ताट तिथंच सोडून जातो. तेवढं मीच लाडानं बिघडवलंय. बापाशी रोज भांडतो. पन बापाचा पाय मोडला तवा दोन महिने त्याला पाठीवर घेऊन न्हाणीत नेत होता, आनि नेताना बी भांडतच होता. खोटं बोलला की कान लाल होतात. बाईमानसाशी बोलताना जमिनीकडं बघतो, त्यामुळं घुमा वाटतो. घुमा न्हाय गो, घाबरतो."

"कुणाला?"

"मना," राहीबाई आपल्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

मनाली उठून पुस्तकांचा ढीग सारखा करत म्हणाली, "झोपेचं चालेल. भांडणाचं तर आवडलं. ताटाचं मात्र मला नाही जमणार मावशी. रविवारी या तुम्ही सगळे पूर्ण्याला, मी आज घरी सांगते. पण ते ताटाचं त्याच्या आधी बघा."

संध्याकाळी भावेश जेवला, ढेकर दिली, हात धुतला आणि टीव्हीकडे वळला. राहीबाई दारात आडव्या उभ्या.

"ताट."

"काय ताट?"

"उचल. घास आनि पालथं घाल."

"आज काय झालंय तुला?" भावेशने बापाकडे पाहिलं. पंढरीने घाईघाईने स्वतःचंच ताट उचललं.

"रविवारपर्यंत सवय व्हायला पायजे," राहीबाई म्हणाल्या, आणि राखेचं डबडं त्यांनी मुलाच्या हातात दिलं.