मधल्या थांब्याची तोड

गाडीच्या डब्यात तिला सगळ्या तोडमावशी म्हणत. ऐकायला भांडखोर वाटलं तरी नाव कौतुकाचं होतं. लांबच्या पासाचे दोन तुकडे करून घेतले तर कधी कधी ते अखंड पासापेक्षा स्वस्त पडतात. तो तुकडा नेमका कुठल्या स्टेशनावर पाडायचा हे ओळखणं म्हणजे त्या डब्याच्या भाषेत तोड काढणं. भाडं टप्प्याटप्प्याने चढतं. शहराचा सरळ पास घेतला की तो जेमतेम वरच्या टप्प्यात जाऊन बसायचा, उंबऱ्याला ठेच लागून पलीकडे पडल्यासारखा. तोच मधल्या थांब्यावर तोडला की दोन्ही तुकडे खालच्या टप्प्यात राहायचे. अट एवढीच, की जिथे तोडलं तिथे गाडी थांबली पाहिजे. तुम्ही उतरा न उतरा.

मधला थांबा म्हणजे नावाला थांबा. एक लांबट ओटा, एक बाक, एक दिवा आणि झेंडेवाल्याची पत्र्याची खोली. तिकिटाची खिडकीसुद्धा नाही. सगळ्या डब्याचे पास तिथे तुटलेले, पण डब्यातल्या एकीचाही पाय कधी त्या ओट्याला लागलेला नव्हता.

मावशी शर्टाच्या कारखान्यात काज-बटणाला होती. कुणी नवी बाई शहरात कामाला लागली की तिला आणून मावशीपुढे बसवत. मावशी आधी तिचं माप घ्यायची. कामावर उशीर चालतो का, गुडघे कसे आहेत, घरात तान्हं आहे का. मग सांगायची, की बस भाड्याला हलकी पण हाडांना जड. चौघींनी मिळून मोटार ठरवली तर लवकर पोचाल, पण एक आजारी पडली की तिचं भाडं तिघींनी भरायचं आणि वर तिला बघायलाही जायचं. जलद गाडी मधल्या थांब्यावर थांबत नाही, तिथे तोड लागू नाही. त्यापेक्षा धिम्या गाडीत बसा आणि झोपा. झोपेचं भाडं पडत नाही.

ती स्वतः मात्र कधी झोपली नाही. मधला थांबा जवळ आला की तोंडातलं वाक्य अर्धं सोडून ती खिडकीकडे वळायची. ती खिडकीची जागा तिचीच, दुसरी कुणी बसत नसे. आणि ती बसायची इंजिनाकडे पाठ करून, म्हणजे थांबा मागे पडत जाताना शेवटपर्यंत दिसत राहायचा.

दिसायची ती झेंडेवाल्याची पाठ. गाडी यायची, थांबायची, सुटायची. तो बाकावर शेताकडे तोंड करून बसलेला. हिरवा झेंडा धरलेला हात तेवढा मागे लांब करायचा, जसं कुणी न बघता दाराची कडी लावावी. थंडीच्या दिवसांत अंगात तपकिरी स्वेटर. डब्यातल्या बायका हसायच्या. एक म्हणायची, बायकोशी भांडून आलाय. दुसरी म्हणायची, बायको नसेल म्हणून गाडीशी भांडतोय. मावशी हसत नसे. धुकं असलं की ती पाठ आधी दिसायची नाही, मग नुसतेच खांदे दिसायचे, आणि गाडी हलली की धुकं परत मिटून जायचं. खांदे किंचित उतरलेले, डावा जास्त. तसे खांदे तिने एका माणसाचे बघितले होते, स्वेटरही तसाच.

तिचा नवरा त्याच गाडीने शहरात जायचा, छापखान्यात कागद कापायला. त्याला ही तोडातोड मुळीच आवडत नसे. दोन पास, दोन तारखा, कोपरे दुमडलेले. एकच सरळ पास काढू आणि माणसासारखं जलद गाडीने जाऊ, असं त्याचं म्हणणं. हिचं म्हणणं, लेकीच्या शाळेची फी काय जलद गाडी भरणार का? यावरून एका रात्री शब्दाला शब्द लागला. जेवण झाल्यावर हात पुसता पुसता तो म्हणाला होता, "एक दिवस उतरूनच बघतो तुझ्या त्या थांब्यावर. काय आहे काय तिथे."

दुसऱ्या दिवशी तो गेला, तो आलाच नाही.

संध्याकाळी छापखान्याचा माणूस चौकशीला आला, आज आले का नाहीत म्हणून. तेव्हा ती घरात उगाच इकडचं तिकडे करत होती. आरशाच्या फळीवर कंगव्याखाली पास सापडला. दुसरा तुकडा, मधल्या थांब्यापासून शहरापर्यंतचा. पहिला तुकडा तो घेऊन गेला होता.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, विसरला. पण हे घर तोड काढणाऱ्या बाईचं होतं. तिथे पास विसरला जात नसे, निवडला जायचा. घर ते मधला थांबा एवढाच नवऱ्याने निवडला, पुढचा ठेवून गेला, आणि आदल्या रात्री तोंडाने सांगूनही गेला होता. तिने पास पदराखाली धरला आणि चौकीवर सांगितलं, शहरात गेले ते आले नाहीत. शोध शहरात झाला. इस्पितळं, रस्ते, छापखान्याची गल्ली. मधल्या थांब्यावर कुणी काही विचारलं नाही. टाकून गेला यापेक्षा हरवला हे बरं, असं तिला वाटलं होतं, आणि एकदा तोंडातून गेलेलं मागे घेता आलं नाही.

पुढे लेकीला सांभाळायला ती स्वतः शहरात कामाला लागली. तीच गाडी, तोच तोडलेला पास. थोड्याच दिवसांत त्या बाकावर ती पाठ दिसू लागली.

उतरणं काही अवघड नव्हतं. गाडी थांबत होती, पास तिथलाच होता. पण उतरल्यावर तो वळला आणि तोच निघाला तर? घरापासून इतक्या जवळ, बायकोच्या गाडीला रोज झेंडा दाखवत बसलेला. आणि तो नसलाच, तर मग कुठे आहे? बसून राहिलं की दोन्ही उत्तरं थांब्यावरच राहायची. ती बसून राहिली. लेक शाळेतून कॉलेजात गेली, कॉलेजातून चष्म्याच्या दुकानात लागली, मावशीचे केस पांढरे झाले, आणि बाकावरच्या पाठीला थोडं पोक आलं.

मग फलाटावर नोटीस लागली. पुढच्या महिन्यापासून मधला थांबा बंद. टप्पे बदलले, सरळ पास स्वस्त झाला. डब्यात आनंदीआनंद, सगळ्या जलद गाडीवर निघाल्या. "आता तुमची तोड मोडीत निघाली मावशी," असं कुणी म्हणालं, तीही म्हणाली, निघू दे, म्हातारी झाली होती.

लेकीने आईसाठी नवा पास आणला. अखंड, कोरा. रात्री ती आईच्या पाकिटात तो ठेवायला गेली तेव्हा आतल्या कप्प्यात जुना अर्धा पास दिसला, घडीवर झिजलेला. तिने तो बाहेर काढला नाही. आईच्या उशाशी येऊन बसली.

"आई, तू रोज खिडकीतून कुणाला बघतेस?"

मावशी म्हणाली, झोप. लेक उठली नाही. अंधारात म्हणाली, "थांबा बंद झाल्यावर कुणाला विचारणार?"

महिन्याच्या शेवटच्या सकाळी धुकं होतं. गाडी थांबली तशी मावशी उठली. कुणी तरी म्हणालं, अहो मावशी, शहर नाही आलं. ती खाली उतरली. ओटा तिला वाटला होता त्यापेक्षा उंच होता, पाय जरा वाकडा पडला. मागे गाडी सुटली, झेंडा मिटला, आणि इतका वेळ गाडीच्या आवाजाखाली दबलेलं पाणी ऐकू यायला लागलं. पुढे कुठेतरी नदी होती.

बाकावरचा माणूस वळला नाही. पण त्याला पावलं कळली असावीत, कारण खांदे आखडले.

"अहो," ती म्हणाली. कितीतरी वर्षांत तिने कुणाला तशी हाक मारली नव्हती.

तो वळला. अनोळखी तोंड. दाढीचे पांढरे खुंट, घाबरलेले डोळे. तिला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच मनात आलं, मग तो कुठे आहे? ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

तो तिला वरपासून खालपर्यंत बघत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही खऱ्या आहात ना?"

हळूहळू त्याने सांगितलं ते असं, की रोज सकाळी तिसऱ्या डब्याच्या खिडकीत एक बाई दिसायची. तो तेव्हा खोलीच्या आतून झेंडा दाखवायचा, आणि ती त्याच खिडकीत, पापणी न हलवता तिकडे बघणारी. कधी उतरली नाही, कधी बोलली नाही. त्याने आपल्या आईला सांगितलं, आई म्हणाली, तिचं काहीतरी तुझ्याकडे राहिलंय, नजरेला नजर देऊ नकोस. तेव्हापासून तो बाहेर बाकावर गाडीकडे पाठ करून बसायचा.

मावशीला हसू येईल असं वाटलं. आलं नाही. तिने विचारलं, इथे आधी कधी कुणी उतरलं होतं का? डावा खांदा उतरलेला माणूस. तपकिरी स्वेटर.

झेंडेवाल्याला आठवायला वेळ लागला नाही. इथे उतरलाच होता कोण? असंच धुकं होतं. माणूस उतरला आणि एकेक खिसा उलटा करायला लागला. पुढचा पास घरी राहिला म्हणाला. म्हटलं, बसायचं होतं तसंच, कोण विचारतंय? तर म्हणे बिनतिकीट जन्मात बसलो नाही. इथे तिकिटाची खिडकी कुठे आहे, विचारलं त्याने. म्हटलं, इथे नाही, पुढच्या स्टेशनाला आहे, पूल ओलांडला की. परत घरी गेलो तर दिवस बुडेल म्हणाला, आणि रुळाच्या कडेने चालत निघाला.

"काही बोलले का?"

"हसत होते. म्हणाले, संध्याकाळी घरी कळलं तर बायको जन्मभर ऐकवेल मला."

धुक्यात पाणी वाजत होतं. पोचले का, असं तिने विचारलं नाही. झेंडेवाल्याला कुणी कधी विचारलं नव्हतं, तेव्हा माणूस पोचला असेल असंच तो धरून बसला होता. आता तो तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतलं भय पुन्हा वर यायला लागलं होतं.

पुढची धिमी गाडी आली. तो उठून उभा राहिला आणि गाडीकडे तोंड करून त्याने झेंडा धरला.

मावशी गाडीत चढली आणि आज गाडी जाते त्या दिशेला तोंड करून बसली. इतकी वर्षं पूल येईपर्यंत ती मागेच बघत असायची, मागची पाठ धुक्यात जाईपर्यंत, आणि पूल नुसताच खडखड करत पायाखालून निघून जायचा. आज तो समोरून आला. कठडा नव्हता. रुळाच्या कडेला एका माणसाला चालता येईल एवढी फळी, ओली, मधे मधे तुटलेली. खाली काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं.

तिने पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून अर्धा पास काढला, खिडकीतून हात बाहेर घातला, आणि दारातून हाक मारावी तशी साध्या आवाजात म्हणाली, "अहो, पास राहिला."

पूल संपला तेव्हा हात गार पडला होता आणि रिकामा होता. पास सोडल्याचं काही तिला आठवेना.