शेवटच्या वळणातली वाळू

आमची ही मत्स्यालयात टाक्या धुवायला होती. काचा खरवडायच्या, पाणी बदलायचं, मेलेलं काढायचं. कंबर मोडणारं काम, पण तिने कधी कोपरा सोडला नाही. मी जन्मभर लेथवर होतो. कोपरा कोण सोडतो ते मला लगेच दिसतं.

तिच्या निवृत्तीच्या आठवड्यात म्हाताऱ्याचा शंख फुटला. म्हातारा म्हणजे शंखात राहणारा खेकडा. नाव तिनेच ठेवलेलं. या खेकड्यांचं पुढचं अंग टणक, पोट मात्र मऊ आणि पीळ घेतलेलं. म्हणून ते मेलेल्या गोगलगाईच्या शंखात पोट अडकवून राहतात आणि वाढले की मोठा शंख शोधतात. म्हाताऱ्याचं पोट आता उघडं पडलं होतं. टाकीतले दुसरे खेकडे जवळ सरकू लागले होते.

"याला घर मिळाल्याशिवाय मी काही घरी बसायची नाही," ती म्हणाली.

मी कॅलिपर घेऊन गेलो. फुटक्या शंखाचं तोंड मोजलं आणि किंचित मोठा शंख निवडून टाकीत सोडला. म्हाताऱ्याने तो उलटापालटा केला, नांगी आत घालून चाचपला आणि पाठ फिरवली.

"नखरे बघा याचे!"

"नखरे कसले? अहो, तुम्ही दार मोजलंत. त्याला राहायचंय आत." तिने शंख तळहातावर तोलला. "जड लागतोय. शेवटच्या वळणात वाळू बसलीय. धडधाकट असता तर स्वतः उपसली असती. याची एक नांगी कधीच गेलीय."

तिने बारीक तार वाकवून मागितली. मी दिली. "जाड आहे," म्हणाली. मी पुन्हा तासली.

मग टोचायचं, पाणी भरायचं, झटकायचं. साहेब डोकावले. "बाई, चार दिवस राहिलेत. कशाला जीव काढता?"

"राहिलेत ना, साहेब? मग काम करू द्या."

"झाला की साफ," मी म्हणालो. तिने शंख माझ्या हातावर झटकला. दोन कण पडले. ती पुन्हा बसली.

शेवटी शंख पाण्यात सोडला. म्हाताऱ्याने नांगी घातली, थांबला, पुन्हा घातली. मग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पोट काढून उलटा आत शिरला आणि ऐटीत चालू लागला.

माझ्या हाताखालून ढिगाने नग गेले. इतकं चोख काम क्वचित पाहिलं. तिला तसं सांगणार, तोच ती फडकं घेऊन आली.

"सरका बाजूला. काचेवर नाक उमटलंय तुमचं."