कपाट हवं असेल तर पंख्याचं बोला

माझा धंदा जुन्या फर्निचरचा. बोरीवलीला पूर्वेला माझा गाळा आहे. एखादी इमारत पुनर्विकासाला गेली की तिथली माणसं भाड्याच्या घरात जायला निघतात आणि त्यांची सागवानी कपाटं त्या घरांच्या दारातून आत जात नाहीत. तेव्हा मी पोचतो. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते एका दुकानात खुर्च्यांना पॉलिश करायला लागले, आणि शाळा सुटली की मी त्यांच्या हाताखाली. पुढचं सगळं मी माझं मी उभं केलं. भाव करायला मला कुणी शिकवलं नाही. मी शिकलो ते एवढंच, की कपाट हवं असेल तर पंख्याचं बोलायचं.

घरात शिरल्यावर कपाटाकडे बघायचंच नाही. पंखा फिरवून बघायचा, शोकेसची काच वाजवायची, चहा दिला तर प्यायचा. निघताना चपला घालता घालता विचारायचं, "ते कपाट काढणार का? नाही, तुम्हालाच अडगळ होईल म्हणून म्हणतो." आपल्याला वस्तू हवी आहे हे समोरच्याला दिसलं की आपण मेलो.

माझी मुलगी लहानपणापासून रविवारी माझ्यासोबत यायची. चेहरा कोरा ठेवण्यात तिने मला केव्हाच मागे टाकलं. तिची खोड एकच. मी कपाट घेतो लाकडासाठी, ती बघते त्यातले किडे. खणाच्या कोपऱ्यात पिठासारखा भुसा दिसला की मी भाव पाडायला लागतो आणि ही खाली बसून भोकं मोजायला लागते. आमच्या खिडकीत जॅमच्या बाटल्या आहेत आणि त्यात घुण, वाळवी, झुरळांची अंडी असला संसार आहे. तिची आई त्या बाटल्यांवर फडकं टाकून ठेवते, पाहुणे आले की दोन फडकी.

तर यंदा तिने दहावीचा शेवटचा पेपर दिला आणि घरी आली ती धापा टाकत. एका कॉलेजात मे महिन्यात शाळेतल्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग होता. तीन आठवडे तिथेच हॉस्टेलवर राहायचं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकायचं. त्यात एक गट फक्त कीटकांचा. रोज जंगलात जायचं.

"पप्पा, फक्त कीटक. दुसरं काहीच नाही," ती म्हणाली. पेपर कसा गेला हे आम्ही त्या दिवशी विचारलंच नाही.

पण माझं डोकं फिरलं ते पुढचं ऐकून. ही सूचना शाळेत केव्हाच आली होती. ती वाचून दाखवली फक्त अ तुकडीत. माझी मुलगी ब तुकडीत. तिला कळलं ते अ मधल्या मैत्रिणीकडून, अर्जाची मुदत संपत आली तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांसमोर होतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, तिथे सगळं इंग्रजीतून असतं. आणि मुलीला एकटीला पाठवणार का तुम्ही? तुमच्या धंद्यात मदत होते ना तिची."

हे शेवटचं वाक्य मी अजून विसरलो नाही आणि विसरणारही नाही. मी टेबलावर हात आपटला. माझा आवाज बाहेर शिपायापर्यंत गेला. म्हटलं, माझ्या मुलीला कुठे पाठवायचं ते मी ठरवीन, तुमचं काम सूचना वाचायचं. हात आपटला तेव्हा टेबलाचा आवाज पोकळ आला. शाळेने ते सागवानी म्हणून घेतलं असणार. आत भुसा होता. मी सांगितलं नाही. म्हटलं, कळू दे त्यांचं त्यांना.

अर्ज विद्यार्थ्याला परस्पर करता येत होता. त्याच संध्याकाळी तिने केला. आठवडाभराने निरोप आला की व्हिडिओवर मुलाखत होईल.

आता मुलाखत म्हणजे सौदाच, आणि सौदा म्हणजे माझा प्रांत. मी रोज जेवणानंतर तिची तयारी करून घ्यायला लागलो. मी प्रोफेसर, ती ती.

"तुला आमच्याकडे का यायचंय?" मी आवाज जाड करून विचारायचो.

"कारण मला कीटक..."

"चूक. मेलीस. तू म्हणायचं, सर, मी दोन-तीन ठिकाणी बघतेय. तुमच्याकडे काय काय आहे?"

"पप्पा, मी दुसरीकडे कुठेच बघत नाहीये."

"ते त्यांना कशाला सांगतेस?"

तिची आई भांडी पुसत ऐकत असायची. एकदा म्हणाली, "पोरीला कॉलेजात धाडताय की लिलावात?"

"तू गप्प गो. उद्या जागा मिळाली की मग बोल."

"मिळाली तर लाडू करीन. तुम्ही फक्त तिथे तोंड उघडू नका."

मुलाखतीच्या दिवशी आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर लाद्या फोडत होते, म्हणून आम्ही गाळ्यात आलो. शटर अर्धं खाली ओढलं. एका ड्रेसिंग टेबलावर लॅपटॉप ठेवला, तिला चांगली खुर्ची दिली. मी कॅमेऱ्यात येणार नाही असा समोर पॉलिशच्या डब्यावर बसलो. बंगल्यातलं अख्खं सामान उचलायला गेलो तेव्हासुद्धा मी इतका चुळबुळलो नव्हतो. ती मात्र केस बांधून बसलेली, चेहरा कोरा.

स्क्रीनवर एक प्राध्यापक मॅडम आल्या. म्हणाल्या, मराठीत बोललीस तरी चालेल. मी मनात म्हटलं, ऐका हो मुख्याध्यापिका.

"तुला इथे का यायचंय?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, आधी तुमच्याकडे काय काय आहे ते सांगाल?"

झकास. मी अंगठा दाखवला. मॅडम हसल्या आणि सांगत गेल्या. सकाळी जंगल, दुपारी सूक्ष्मदर्शक, रात्री दिवा लावून पतंग बघायचे. पतंग म्हटल्यावर माझ्या मुलीचा चेहरा हलला. मला दिसलं. मी हाताने खूण केली, पंखा, पंखा. तिने बघितलंच नाही.

"पण एक आहे," मॅडम म्हणाल्या, "कीटकांच्या गटात जागा जवळजवळ भरल्यात. कॉम्प्युटरच्या गटात आहेत. ते चालेल?"

मी सावध झालो. ही चाल माझी. गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू मागे ठेवायची आणि दुसरी पुढे सरकवायची. पण हातात आलेलं सोडायचं नसतं. आधी आत शिरावं, मग गट बदलून घ्यावा. मी मान जोरजोरात हलवली. हो म्हण. हो म्हण.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "मला कीटकच हवेत."

आणि मग ती उठली. खाली ठेवलेल्या पिशवीतून तिने एक बाटली काढली. ती सोबत आणली आहे हे मलाही माहीत नव्हतं. बाटली कॅमेऱ्यापुढे धरून सुरू झाली. "हा घुण आहे मॅडम. एका पलंगाच्या पायात होता. हा अळी असतो तेव्हापासून लाकडाच्या आत असतो. आत पूर्ण काळोख. सगळीकडे सारखंच लाकूड. मग मोठा झाल्यावर बाहेरची बाजू कुठली हे त्याला कसं कळतं? मी पायाचे काप काढून बघितले. शेवटी तो बरोबर बाहेर वळतो. मला हे दोन वर्षांपासून विचारायचंय आणि विचारायला कोणी नाहीये. मला यायचंच आहे. या वर्षी नाही घेतलंत तर मी पुढच्या वर्षी परत अर्ज करीन."

मी कपाळावर हात मारून घेतला. वाट लागली. इतक्या वर्षांत असलं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. वस्तूला मिठी मारून बसलंय आणि विचारतंय, केवढ्याला देणार? शिवाय पलंगाचा पाय. तो पलंग मी गिऱ्हाइकाला काय सांगून विकायचा?

मॅडम स्क्रीनजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "याचं पूर्ण उत्तर मलाही देता येणार नाही. बाटली जरा जवळ आण."

पुढे त्या दोघी बोलत राहिल्या. मी डब्यावर बसून, तोंडावर बोट ठेवून तिला खुणावत होतो. शेवटी मॅडमनी विचारलं, "तुझ्यासमोर कोणी बसलंय का? तू सारखी तिकडे बघून हसतेस."

"पप्पा आहेत. ते मला गप्प राहायला सांगतायत."

घरी जाताना मी तिला झापलं. भर रस्त्यात झापलं. म्हटलं, एवढं शिकवलं ते सगळं पाण्यात. ती म्हणाली, "पप्पा, त्यांना कपाट विकायचं नव्हतं. कपाटावर जीव असलेलं माणूस हवं होतं त्यांना." मी म्हटलं, शहाणपणा करू नकोस.

उत्तर आलं तेव्हा मी एका घरात पंखा बघत होतो. फोनवर तिचा आवाज आला, "पप्पा, कीटक." एवढंच. मी त्या घरमालकाला म्हटलं, "तुमचं कपाट फार सुंदर आहे." झालं. ते कपाट मला महाग पडलं, पण बोलताना तोंड बंदच होईना.

मग घरात एकच धांदल. कॉलेजने काय काय आणायचं ते कळवलं होतं: बूट, पूर्ण बाह्यांचे शर्ट, टॉर्च. तिच्या आईने लाडू तर केलेच, वर कोकमं बांधली आणि ती मॅडमना द्यायची की खायची यावर दोघींची जुंपली. खिडकीतल्या बाटल्या कोणी सांभाळायच्या यावर मात्र आईने आपणहून हात वर केला. फडकी तेवढी काढणार नाही म्हणाली.

बॅग घ्यायला मी आणि मुलगी स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. चांगली मजबूत, निळी बॅग दिसली. दुकानदाराने विचारलं, "कुठे फिरायला?"

"अहो, कॉलेजात चाललीय," मी म्हटलं. "दहावीचीच आहे, पण कॉलेजात. निवडून घेतलंय तिला. कीटकांच्या गटात."

दुकानदाराचे डोळे चमकले. मी ते डोळे ओळखतो, माझेच असतात. त्याने भाव सांगितला आणि मी खिशात हात घातला.

"पप्पा, बाहेर थांबा," माझी मुलगी म्हणाली. मग तिने पाण्याच्या बाटल्या बघायला घेतल्या. एक उघडली, झाकण फिरवून बघितलं, परत ठेवली. मी बाहेर उभा राहून काचेतून बघत होतो. बऱ्याच वेळाने ती निळी बॅग घेऊन बाहेर आली, वर एक पाण्याची बाटली फुकट.

घर उजवीकडे होतं. मी डावीकडे वळलो. ती म्हणाली, "शाळेला सुट्टी आहे पप्पा. तिथे कोणी नसेल." मी म्हटलं, माहितेय मला.

फाटकाशी फक्त वॉचमन होता, खुर्चीत पेंगत. मी बॅग त्याच्यासमोर ठेवली आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. अ तुकडी, ब तुकडी, मुलाखत, घुण. माझी मुलगी लाजून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

तो म्हणाला, "साहेब, पण आत कोणीच नाही."

"असू दे," मी म्हटलं. "बाई आल्या की सांगा. ब तुकडीतली. विसरू नका, ब."