गठ्ठ्याच्या दोऱ्याचा रंग

गेल्या उन्हाळ्यात मी टॉवेलचे चाळीस गठ्ठे एका चोराच्या पत्त्यावर स्वतः पाठवले. कुणी पिस्तूल रोखलं नव्हतं. उलट टेम्पोवाल्याला मीच बजावलं, की बाबा, सावकाश ने, माल हुबळीच्या शेटजींचा आहे.

या मूर्खपणाचं मूळ म्हणजे माझा शेजारी. सोलापुरात आमचे दोघांचे कारखाने एकाच भिंतीला लागून. माझे आठ माग, त्याचेही आठ. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान, घरात तेलुगू बोलणारा आणि चारचौघांत मला ‘काका’ म्हणणारा. हुबळीचे शेटजी वीस वर्षं फक्त माझ्याकडून टॉवेल घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी निम्मी ऑर्डर भिंतीपलीकडे दिली. तेव्हापासून तिकडचे माग खडखडले की माझ्या छातीत खडखडायचं. त्याच्या दारात टेम्पो लागला की मी खिडकीतून गठ्ठे मोजायचो. बायको म्हणायची, इतकी मोजदाद तो स्वतःसुद्धा करत नसेल.

त्याच्या एका सवयीला तर मी चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत हसायचो. प्रत्येक व्यापाऱ्याचे गठ्ठे तो वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवायचा. वाचता न येणाऱ्या हमालालाही माल ओळखता यावा, ही त्याच्या आजोबांची पद्धत. मी सगळ्यांना एकच सुतळी वापरायचो आणि स्वतःला आधुनिक समजायचो.

तर त्या सकाळी फोन आला. नंबर नवा, पण आवाज शेटजींचाच. तोच कानडी हेल, तेच मध्येच खाकरणं. म्हणाले, मोबाइल पाण्यात पडला, मुलाच्या नंबरवरून बोलतोय. तयार माल हुबळीला नको, पुण्याच्या एका हॉटेलवाल्याला थेट द्यायचाय, पत्ता पाठवतो. इथपर्यंत मी जरा घुटमळत होतो. मग ते म्हणाले, “तुमच्या शेजाऱ्याचं काही खरं नाही. पुढची सगळी ऑर्डर तुम्हालाच देतो.”

खरंखोटं तपासायची माझ्यात जी काही सोय होती, ती या वाक्यासरशी बंद पडली. हेच वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला मी दोन वर्षं आसुसलो होतो. वर मोठेपणाने म्हणालो, तसा मुलगा चांगला आहे हो. बाराच्या आत माल चिंचोळी एमआयडीसीतल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचलासुद्धा.

चार वाजता शेटजींच्या नेहमीच्या नंबरवरून फोन आला, माल निघाला का म्हणून. सकाळी त्यांनी मला फोन केलाच नव्हता. दुकानाच्या जाहिरातीसाठी ते रोज मोबाइलवर व्हिडिओ टाकायचे, त्यात कुणाकुणाचा माल येतो तेही हौसेनं सांगायचे. त्यातला आवाज उचलून कुणीतरी एआयकडून हवं ते वदवून घेतलं होतं.

चाळीस गठ्ठे म्हणजे आठही मागांचं महिनाभराचं काम. ते गेलं की सूत आणणं बंद, सूत नाही की माग बंद, आणि मग माझे कामगार कुठं जाणार? भिंतीपलीकडे. खरं सांगतो, या शेवटच्या विचाराने मला पहिला घाम फुटला.

मी डोकं धरून बसलो होतो तेव्हा बायको मला न विचारता शेजाऱ्याकडे गेली. तो आला, पावती मागितली, ट्रान्सपोर्टवाल्याला सांगून माल अडवला आणि मला स्कूटरवर घालून सायबर पोलिसांकडे नेलं. एकोणतीस गठ्ठे परत मिळाले. अकरा दुपारच्या गाडीने पुढे गेले होते, ते गेलेच. पण माग चालू राहिले. वाटेत मी आभार मानायला हवे होते. मी स्कूटर नवी आहे का, एवढंच विचारलं.

पंधरा दिवसांनी कारखानदारांची सभा भरली. स्टेजवर तो, तिसऱ्या रांगेत मी आणि बायको. त्याने सरळ साधं सांगितलं. नुसत्या आवाजावर मालाचा पत्ता बदलायचा नाही. फोन ठेवायचा, आपल्याकडच्या जुन्या नंबरवर आपण लावायचा आणि फक्त दोघांनाच ठाऊक असलेली एखादी खूण विचारायची.

“मला बी शेटजींच्या आवाजात फोन आलता की,” तो म्हणाला. “मी इचारलं, तुमच्या गठ्ठ्याला दोरा कुठल्या रंगाचा? लगेच फोन कट.”

टाळ्या पडल्या. त्याला शाल मिळाली. रंगही असा, की मला जास्त शोभला असता.

सभा सुटल्यावर मी त्याला गाठलं आणि तो फोन नेमका कधी आला होता ते विचारलं. तो म्हणाला, “त्याच दिवशी सकाळी. सांगायला लगेच आलतो काका. तुमी फोनवर लई खुशीत होता, हातानंच मला जा म्हणाला.”

घरी जाताना अकरा गठ्ठ्यांचं दुःख आता मागे पडलं होतं. शेवटी न राहवून बोललोच, की म्हणजे चोराने पहिला फोन त्याला केला, मला नाही.

बायको चालता चालता म्हणाली, “मग? माल कुणाचा बरा ते चोरालाही कळतं. तुम्ही आपले उरल्यासुरल्यात.”