जजसाहेबांवरची ती पोस्ट मी का डिलीट केली

शनिवारी सुट्टी होती, म्हणून सुरतच्या सचिन भागात झेरॉक्स काढायला गेलो. सुकलालदादाच्या लेबर कोर्टाचा निकाल होता... हायकोर्टात जायचं तर वकिलाला कॉप्या पाहिजे होत्या.

सुकलालदादा माझ्याच गावचा, माझा रूम पार्टनर. एकाच लूम खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात होतो. मालकाने त्याला गेटवरून हाकललं आणि कोर्टात सांगितलं, हा स्वतःच काम सोडून गेला. केस चालली, दादा हरला.

त्याच दिवशी मी इथे पोस्ट टाकली होती... "जज विकला गेला." तुम्ही सगळ्यांनी लाईक पण केलं. निकाल मात्र कोणी वाचला होता? मी आठवीतून सुटलेला. गुजराती फाडफाड बोलतो, पण वाचायला लागलो तर दुकानाच्या पाट्यांपुरतंच.

ओळखीच्या झेरॉक्सवाल्या काकांना म्हटलं, काका, बघा ना नेमकं काय लिहिलंय. मशीन चालू ठेवून ते वाचत गेले. एका पानावर थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अरे भाई, आ तो तमारूं ज नाम छे ने?"

साक्षीदार मीच होतो.

साहेबांनी लिहिलं होतं, हा साक्षीदार म्हणतो की मी गेटवर उभा होतो, माझ्यासमोर सुकलालला काढलं. पण ती तारीख आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवसाची. आणि उलटतपासणीत हाच सांगतो, आखाजीला मी आठ दिवस गावाला असतो, सुरतला आल्यापासून एक पण चुकवली नाही! हजेरीत पण रजा. मग याने पाहिलं कसं? याच्यावर विश्वास ठेवता येत नाही, आणि दुसरा साक्षीदार आणलेला नाही.

खरंच बोललो होतो मी तसं. मालकाच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, त्योहार पे गाँव जाते हो? आखाजी म्हणजे आमचा सगळ्यात मोठा सण... मी छाती फुगवून सांगितलं.

दादाला हाकललं ते खरं होतं. पण मी फक्त ऐकलं होतं. पाहिलं होतं एका ओडिया कारागिराने, आणि तो यायला तयार होता. मीच दादाला म्हटलं, "त्याचा कशाला खाडा पाडतो, मी आहे ना." आता तो माणूस गावाला निघून गेलाय, फोन बंद.

रूमवर आलो. दादा पोळ्या लाटत होता. मान खाली घालून सगळं सांगितलं.

"माले तवयच समजी गयतं रे," तो म्हणाला. "वकीलनी सांगेल व्हतं."

म्हटलं, मग इतके दिवस मी जजला शिव्या देत होतो, तेव्हा बोलला का नाहीस?

"काय बोलू भो... तू कोर्टमा मनासाठेच गया व्हता ना." आणि हसला. "आनि आखाजीले तर तू जासच!"

तो हसला, पण मला वाटलं, दोन कानाखाली वाजवल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांनी नुसतं "केस फेटाळली" लिहून सही केली असती, तर मी जन्मभर त्यांनाच चोर म्हणत बसलो असतो. त्यांनी केस का फेटाळली ते लिहिलं, म्हणून चोर सापडला.

ती पोस्ट आज डिलीट केली. गुपचूप केली असती तर कोणाला कळलं पण नसतं... पण का केली, ते लिहायला पाहिजे ना.